बेटावरचं शेवटचं मांजर

आप्पा सुभेदार वास घेतल्याशिवाय कुणाचं पोतं नदीच्या घाटावरून पुढं जाऊ देत नाहीत. मी युरिया घेऊन पलीकडच्या रानात निघालो, तरी आधी पोत्याला नाक लावतील, मग हातानं चाचपतील आणि म्हणतील, "चौकशी कराय पायजे." अहो, युरियाच्या पोत्यात काय मांजर असणार? पण सांगायचं कुणाला! फौजेतून आलेला माणूस, त्यात शेजारी.

आता खोटं कशाला बोला, दोष गावाचाही आहे. पलूसकडच्या आमच्या गावापाशी कृष्णेच्या मधोमध एक वाळूचं बेट आहे. मांजर दुधाला चटावलं की पोत्यात घालायचं आणि बेटावर सोडून यायचं, ही आमच्याकडची रीत. होडी कसली, गुऱ्हाळातली रस आटवायची जुनी काहील. त्यात बसायचं आणि वल्हं मारायचं. पाणी ओलांडून मांजर परत येत नाही. ते तिथंच पिलं घालतं आणि टिटव्यांची, नदीसुरय पक्ष्यांची वाळूतली अंडी खातं. होता होता बेटावर नुसती मांजरं उरली. वनखात्याची माणसं सांगून गेली, मांजरं काढा, पक्षी परत येतील. ते काम आप्पांनी आपणहून अंगावर घेतलं.

सुकट लावलेला पिंजरा घेऊन रोज सकाळी निघायचे. पण धरलेलं मांजर कुणाला देऊन मोकळं व्हावं, ते नाही. आप्पा त्याला भर गल्लीत सोडायचे आणि हात मागं बांधून त्याच्या मागं चालायचे. ते ज्याच्या घरात शिरेल तो गुन्हेगार. एक मांजर सरळ सरपंचांच्या स्वयंपाकघरात जाऊन पाटावर बसलं. हे आमचं नव्हंच, असं सरपंच शपथेवर सांगायला लागले. आप्पा म्हणाले, "मग तुमचा पाट कुठं आसतोय ते त्याला कुणी सांगितलं?" सरपंच अजून त्यांना बघून रस्ता बदलतात.

उन्हाळा लागला तसं बेट मोकळं होत आलं. नदीसुरय वर घिरट्या घालायला लागले, पण खाली उतरेनात. कारण एक मांजर उरलं होतं. फाटक्या कानाची तांबडी मांजरी. ती पिंजऱ्याकडं ढुंकूनही बघत नव्हती.

इथं मलाच आप्पांचा संशय यायला लागला. डब्यात तळलेला मासा घेऊन जायचे, रिकामा डबा घेऊन यायचे, मांजरी जिथल्या तिथं. कुणी जाळं टाकतो म्हटलं की अंगावर धावून जायचे. आणि तिच्याबद्दल विचारलं की विषय काकींच्या गुडघ्यावर न्यायचे. काकी म्हणजे त्यांची बायको. दिवाळीपासून रहिमतपूरला लेकीकडं होत्या, औषधाला. गुडघ्याला इतकं औषध लागतं होय? म्हटलं, आता आपणच चौकशी कराय पायजे.

एका सकाळी वल्हं मारायचं निमित्त काढून मी त्यांच्या काहिलीत बसलो. बेटावर आप्पांनी पिंजरा मांडला, मला गप्प बसायची खूण केली आणि मोबाइल लावला. खाली बघत म्हणाले, "तांबू जित्ती हाय. पर मी पोत्यात घातलेली ती इसरली न्हाई. माझ्याकडं येत न्हाई. तूच हाक मार तिला."

घ्या! म्हणजे गावभर गुन्हेगार हुडकणाऱ्या सुभेदारांनीच बायकोची मांजरी इथं आणून सोडली होती, आणि काकी गेल्या होत्या त्या रागानं. एवढा एक फोन लावायला या माणसाला उन्हाळा उजाडावा लागला. मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही.

आप्पांनी स्पीकर चालू करून मोबाइल पिंजऱ्याच्या आत ठेवला. आतून काकींचा आवाज आला, "तांबू, ये गं बाय. ये, दूध पी." लव्हाळा हलला. मांजरी बाहेर आली, थबकली, सरळ आत शिरली आणि मोबाइलला अंग घासत बसली. दार पडलं.

"घावली का?" काकींनी विचारलं.

"घावली." आप्पा पिंजऱ्यापाशी वाळूत बसले होते. "बेट मोकळं झालं." मग म्हणाले, "घर बी मोकळंच हाय गं. तू कवा येतीस?"

तांबू मोबाइलला चिकटून घुरघुरायला लागली.

"आदी तिला घरी न्या," काकी म्हणाल्या. "पोत्यात न्हाई घालायची. मग येते."

परतताना वल्हं मीच मारलं. आप्पा पिंजरा मांडीवर घेऊन बसले होते. मागं वाळूवर पक्षी उतरत होते, पण त्यांनी एकदाही वळून बघितलं नाही.