एक अनोळखी इसम

त्याची मान फक्त वरखाली हलायची. उजवीकडून डावीकडे हलवून 'नाही' म्हणायची सोय देवाने त्याला दिलीच नव्हती, म्हणून शिंप्याच्या दुकानात काजं-बटणं करणाऱ्या या तरुणाला सगळे होयबा म्हणत. (खरं नाव होतं. पण त्या नावाने कुणी हाक मारली तर तोच मागे वळून बघायचा, कुणाला बोलावतायत म्हणून.)

तर या होयबाच्या बायकोने एका संध्याकाळी हळूच विचारलं, "अहो, वेगळी खोली बघायची का?"

होयबाने मान हलवली. झालं ते सगळं इथून.

"बघा, बघा," पडद्यापलीकडून आवाज आला. "आम्ही कुठे अडवलंय?"

हा मेव्हणा. घर त्याचं, पडदाही त्याचाच. लग्न झाल्यापासून होयबा नि बायको पडद्याच्या या बाजूला राहत होते. इकडे कुणी शिंकलं तर तिकडून औषध सांगितलं जाई. नवराबायको भांडले तर तिकडून निकाल लागे. त्यामुळे दोघांनी भांडणच सोडून दिलं होतं, आणि बायकोचं म्हणणं, त्यानेच तिची तब्येत बिघडत चालली होती.

खोल्या मिळाल्या दोन. वेगळा दरवाजा, दरवाजाला आतून कडी. बायकोने ती कडी लावून पाहिली, काढून पाहिली, पुन्हा लावून पाहिली. घरमालकीण शाळेच्या निवृत्त हेडबाई होत्या. त्या चष्म्यावरून हे बघत होत्या.

"खोल्या देईन," त्या म्हणाल्या. "पण आधीचा भाडेकरू जाताना नळ काढून घेऊन गेला. म्हणून आता दाखला लागतो. पोलीस आणि कोर्ट, दोन्हीकडचा. तुमच्या नावावर कधी काही होतं की नव्हतं."

"इथल्या चौकीतून आणतो," होयबा म्हणाला.

"इथला नको. इथे तुम्ही काल आलात. जिथे वाढलात तिथला आणा. वर्गात सगळी मुलं शहाणीच असतात, खरी कळतात मधल्या सुट्टीत. शनिवारपर्यंत वाट बघते. नंतर दुसरं गिऱ्हाईक आहे."

निघताना बायकोने बजावलं, "अहो, तिकडे कुणी काही विचारलं तर आधी पूर्ण ऐका, मग मान हलवा." तिचं वाक्य संपायच्या आत होयबाने मान हलवली.

तो वाढला ते गाव लांब, आडबाजूला. चौकीच्या आवारात जप्त केलेल्या सायकलींची रांग होती, आणि त्यांच्यावर वेल चढून आता फुलंही आली होती. आत हवालदार शेंगा सोलत बसले होते.

"काय हरवलं?"

"काही नाही."

"कुणी मारलं?"

"नाही."

"मग तुम्ही कुणाला मारलं?"

"नाही, साहेब. माझ्या नावावर काही नाही, असा दाखला पाहिजे."

हवालदारांनी हातातली शेंग खाली ठेवली. "म्हणजे तुम्ही काही केलेलं नाही, आणि ते तुम्हाला लिहून पाहिजे."

होयबाने मान हलवली.

"अवघड काम आणलंत. काही केलं असतं तर सोपं होतं. कपाट उघडायचं, कागद काढायचा. काही केलं नाही म्हटलं की सगळी कपाटं बघावी लागतात. आणि कागद इथे राहतात कुठे? कोर्टात जातात. तिथल्या कारकुनाने 'नाही' लिहिलं की आम्ही खाली 'नाहीच' असं लिहून शिक्का मारतो. आमची गाडी तिकडेच निघालीय. बसता मागे?"

कोर्ट टेकडीपलीकडे, आणि फुकट गाडी. होयबा बसला.

मागे चार माणसं आधीच बसलेली होती. त्यांनी सरकून जागा दिली. त्यातले मिशीवाले काका आपुलकीने म्हणाले, "कशात?"

"दाखल्याचं काम आहे."

"आमचं पत्त्यांचं." काकांनी उसासा टाकला. "किती वर्षं झाली. गिरणीमागच्या शेडमध्ये पैसे लावून बसलो होतो. धाड पडली. आम्ही चौघे सापडलो, पाचवा भिंतीवरून उडी मारून गेला. यांनी लिहून ठेवलं, चार इसम व एक अनोळखी इसम. आता साहेब म्हणतात पाचवा आणा, पोलीस म्हणतात शोध चालू आहे, आणि आम्ही तारखेला येतो. माझ्या मुलीचं लग्न होऊन तिला दोन मुलं झाली."

"कोण होता पाचवा?"

"कुणाला माहीत. पानं वाटली होती, नाव नव्हतं विचारलं. जिंकत होता, एवढं आठवतं."

कोर्ट म्हणजे एक लांब खोली, एक कण्हणारा पंखा आणि एक कारकून. नाव पुकारायचं काम त्याचं, लिहायचं त्याचं, जुने कागद शोधायचंही त्याचंच. (फक्त न्याय करायला वेगळा माणूस होता, पण तोही अधूनमधून कारकुनाकडेच बघून घेई.)

होयबाने अर्ज पुढे केला. कारकुनाने तो नीट वाचला. "देतो की. पण ही पत्तेवाल्यांची केस संपेपर्यंत मला दुसऱ्या कशाला हात लावता येत नाही."

"कधी संपेल?"

"पाचवा सापडला की."

चौघांनी होयबाकडे पाहिलं. मग हवालदारांनीही पाहिलं. मिशीवाले काका त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बाळा, तुझं काम आमच्यामागे अडलंय. आमचं एका माणसामागे अडलंय. तू नुसता आमच्या शेजारी उभा राहा. बोलायचं काही नाही."

आता इतकी वर्षं या जगात काढून होयबाला एवढी सोयीची अट कुणी घातली नव्हती. तो जाऊन उभा राहिला.

न्यायाधीश आले. त्यांनी कठड्याकडे पाहिलं, बोटाने मोजलं, पुन्हा मोजलं. "आज पाच दिसतायत."

"पाचच आहेत, साहेब," कारकून म्हणाला. यात खोटं काही नव्हतं.

"गुन्हा कबूल?"

चार कंटाळलेल्या माना हलल्या. चार माना हलताना पाचवी थांबवायची तर त्या मानेत काही वेगळं लागतं.

न्यायाधीशांचा चेहरा खुलला. किरकोळ दंड झाला, तो मिशीवाल्या काकांनी आनंदाने पाचही जणांचा भरला. कारकून लेखणी घेऊन होयबाजवळ आला. "पूर्ण नाव सांगा."

होयबाला वाटलं, आला आपल्या दाखल्याचा नंबर. त्याने नाव सांगितलं, वडिलांचं सांगितलं, राहण्याचा पत्ता सांगितला, आणि कारकुनाची लिहिण्यात चूक झाली ती वाकून दुरुस्तही करून दिली.

शब्दाला जागून कारकुनाने लगेच दाखला हातात ठेवला. "नशीबवान आहात. लोकांना महिने लागतात. तुमचं शोधावं लागलंच नाही, वरच होतं."

दाखल्यावर लिहिलं होतं: 'सदर इसमाविरुद्ध एक नोंद आढळते. पैसे लावून पत्ते खेळणे. गुन्हा कबूल. दंड भरला.' खाली हवालदारांनी शिक्का मारून स्वतःच्या अक्षरात भर घातली होती: 'तपासले, बरोबर आहे. इसम बराच काळ फरार होता.'

"पण साहेब, मी..."

"खोडायचं असेल तर वरच्या कोर्टात जा," कारकून समजुतीच्या स्वरात म्हणाला. "मात्र तिथे आधी हा दाखला जोडावा लागतो."

घरी बायकोने तो कागद पुन्हा पुन्हा वाचला. मग अगदी हलक्या आवाजात विचारलं, "तुम्हाला पत्ते खेळता येतात?"

"नाही."

"मग फरार कधी झालात?"

"फरार?" पडदा म्हणाला. "भाऊजी? अगं, ते गल्लीच्या टोकाला जायचं तरी तुला विचारून चप्पल घालतात."

"त्यांचं काम अडलं होतं गं," होयबा म्हणाला.

"गावाचं अडलं की तुम्ही उभे. माझं काय अडलंय ते दिसतं का?" पलीकडे ऐकू जाऊ नये म्हणून तिने पदर तोंडाशी धरला. "मला ती कडी हवी होती हो. एक कडी."

होयबाला त्या रात्री जेवण गेलं नाही.

शनिवारी बायको म्हणाली, "खोटं बोलून जागा नको. चला, स्वतःच्या हाताने द्या." दोघं गेले. हेडबाईंनी दाखला उजेडात धरला, सावकाश वाचला, मग आणखी सावकाश.

"कुठला डाव?" त्या म्हणाल्या.

होयबाला कळलं नाही.

"रमी की तीन पानी?"

होयबाने दोन्हींना मान हलवली.

"बराच काळ फरार. म्हणजे हातात चांगली पानं होती." हेडबाईंनी ड्रॉवरमधून किल्ली काढली. "आतापर्यंत सगळ्यांनी कोरे दाखले आणून दिले. कोऱ्या पाटीचं मला कौतुक नाही, ढ मुलाचीही कोरीच असते. सामान आज आणा. संध्याकाळी आम्ही बसतो. मी, माझ्या दोघी बहिणी, आणि तो नळ नेणारा भाडेकरू असायचा. नळाचं एवढं वाटलं नाही मला, चौथा भिडू गेला त्याचं वाटलं."

सामान आलं. बायकोने कडी लावली नि आतून नवऱ्यावर मनसोक्त ओरडून घेतलं. कुणीही मध्ये बोललं नाही. तिच्या गालांवर रंग आला.

संध्याकाळी होयबा हेडबाईंसमोर बसला. पानं त्याने बटणांसारखी लावली, रंगाप्रमाणे आणि मोठ्याकडून लहानाकडे. हुकूम कोणता ते त्याला कळेना. "राजा आहे ना तुमच्याकडे?" हेडबाईंनी खुणेने विचारलं की तो मान हलवी, त्या भरवशावर त्या खेळत, आणि राजा धाकट्या बहिणीकडे निघे. दुसऱ्या संध्याकाळी तेच. तिसऱ्या संध्याकाळी हेडबाईंनी पानं खाली ठेवली आणि दाखला मागवला.

"हा खोटा आहे," त्या म्हणाल्या.

दारात उभ्या असलेल्या बायकोने कमरेची किल्ली चाचपली.

"या माणसाने जन्मात पत्ते खेळलेले नाहीत. हल्ली पोलीस कुणालाही काहीही लिहून देतात." त्या बायकोकडे वळल्या. "आणि तू. मघाशी हा चौकट टाकायला निघाला तेव्हा तू मागून खाकरलीस. येतं का तुला?"

"माहेरी खेळायचे," बायको म्हणाली. "भाऊ हरला की उठून जायचा, म्हणून सोडलं."

"बस."

बायको बसली. पहिलाच डाव असा फिरला की दोघी बहिणींनी एकमेकींकडे बघितलं. डाव संपल्यावर हेडबाईंनी भाड्याचा करार काढला, होयबाच्या नावावर रेघ मारली आणि तिथे बायकोचं नाव लिहिलं.

"आणि यांचं काय, बाई?" बायकोने भीतभीत विचारलं.

हेडबाईंनी होयबाला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "राहू देत. निरुपद्रवी माणूस आहे. याच्या हातून कधी काही झालेलं नाही, आणि होणारही नाही."

होयबाचा ऊर भरून आला. ज्यासाठी तो गाडीत बसला, कठड्यात उभा राहिला, त्या याच तर दोन ओळी होत्या. आयुष्यात पहिल्यांदा त्याने स्वतःसाठी काही मागितलं.

"बाई, एवढं जरा लिहून द्याल का? खाली सही करून?"

"नंतर," हेडबाई पानं पिसत म्हणाल्या. "आत्ता स्वयंपाकघरात जाऊन बसा. तुम्ही मागे उभे राहिलात की तिचा डाव बिघडतो."