पोलिसांच्या आधी पोचणारी हॉटडिश

एल्व्हिक गावात आर्डिस क्वामीला कळल्याशिवाय कुणी मरत नसे! हे तिचंच म्हणणं, आणि चर्चच्या तळघरात कॉफी ओतताना ती ते चारचौघींत छातीठोकपणे सांगे. तिच्या फ्रिजवरचा स्कॅनर तीस वर्षं पोलिसांचं बोलणं घरभर ऐकवत होता. आणला होता मात्र नवऱ्याच्या काळजीपोटी. मायलो गोठलेल्या तळ्यावर भोक पाडून मासे धरत बसायचा आणि फोन मुद्दाम गाडीत ठेवायचा. म्हणे माशांना आवडत नाही! बर्फ फुटला तर निदान रेडिओवर कळेल, एवढाच हेतू.

पण कानाला चटक लागली ती लागलीच. रेडिओवर कुणाचा पत्ता आणि पाठोपाठ 'श्वास नाही' असं ऐकलं, की आर्डिसचा ओव्हन पेटलाच! खाली खिमा, मध्ये मशरूमचं सूप, वर बटाट्याच्या गोळ्यांची फरसबंदी. तासाभरात दुखवट्याची गरमागरम हॉटडिश त्या घरच्या दारात. पास्टर बिचारा मागाहून येई.

गेल्या हिवाळ्यात ती पोलिसांच्याही आधी पोचली.

"बर्निस, धीर धर गं!"

"कशाबद्दल?"

"लेलंडबद्दल!"

"लेलंड ट्रॅक्टरचा पट्टा आणायला गेलाय. येईल आत्ता."

आर्डिसनं मुकाट्यानं हॉटडिश पुढे केली. आपण विधवा झालो, हे बर्निसला त्या खिम्यावरून कळलं.

शेरीफनं मग रेडिओला कुलूप घालायचं ठरवलं. ऐकतील ते फक्त पोलीस! कौंटीच्या सभेत आर्डिस तावातावानं उभी राहिली.

"पगार आमच्या करातून, गाड्या आमच्या करातून, आणि बोलणं तेवढं खाजगी? तुम्ही काय दिवे लावताय हे आम्ही कुणाला विचारायचं?"

मुद्दा बिनतोड होता. दोघातिघांनी टाळ्याही वाजवल्या.

शेरीफ शांतपणे म्हणाला, "आर्डिस, मागच्या रांगेत बर्निस बसलीये. तिलाच विचारूया का?"

"अहो, पण डिश गरम होती!"

ठराव एकमतानं मंजूर!

मार्च उजाडला आणि स्कॅनर मुका झाला. आर्डिसनं एरियल हलवली, बटणं पिळली, शेवटी दोन चापट्या मारल्या. ढिम्म! आणि नेमके हेच बर्फ पातळ व्हायचे दिवस.

"यंदाचं पुरे कर की आता," ती मायलोला म्हणाली. "तू दार उघडून आत येईपर्यंत माझ्या जिवात जीव नसतो. पूर्वी निदान कळायचं तरी!"

"हा गुरुवार शेवटचा," बूट चढवत मायलो म्हणाला. "मग तू म्हणशील तसं."

त्या गुरुवारी दुपारी आर्डिस चर्चच्या तळघरात भांडी घासत होती. खिडकीतून समोर पाहते तो आपल्या घराशेजारच्या हार्लनच्या दारात शेरीफच्या डेप्युटीची गाडी! डेप्युटी पायरीवर उभा, टोपी हातात. टोपी काढून पोलीस दारात येतो तो एकाच कामासाठी, हे काय आर्डिसला शिकवायला हवं? हार्लनची बायको आयनेझ वर्षभर हृदयानं आजारी. झालं! गेली आयनेझ!

स्कॅनर नसला म्हणून अडतंय थोडंच! तिनं चर्चच्या फ्रीझरमधली हॉटडिश ओव्हनमध्ये सरकवली आणि चौघींना फोन केले. तासाभरानं, बऱ्याच दिवसांनी जरा खुशीतच, ती रस्ता ओलांडून गेली. हार्लननं दार उघडलं. त्याच्या मागे आयनेझ टोस्ट खात उभी होती.

"आयनेझ! तू आहेस?"

"का? तुझी काही हरकत?"

तेवढ्यात फाटकातून तिघी शिरल्या. एकीच्या हातात केक, दुसरीच्या हातात जेली, तिसरीनं रडायलाही सुरुवात केली होती. आयनेझला पाहून ती हुंदका अर्धवट टाकून उभी राहिली.

"मग तो डेप्युटी टोपी काढून कशाला आला होता?" आर्डिस जवळजवळ ओरडलीच.

हार्लन तिच्याकडे पाहीना.

"तुला शोधत होता. तुझं दार वाजवून दमला, म्हणून इथे आला. मी म्हटलं, गुरुवार आहे, बहिणीकडे गेली असेल. तो तिकडेच गेलाय, तीस मैल."

"काम काय होतं?"

"ते नाही सांगितलं. फोनवर सांगण्यासारखं नाही, म्हणाला."

आर्डिसनं आपल्या अंगणाकडे पाहिलं. तीन वाजून गेले होते आणि एरवी दोनलाच परतणारी मायलोची गाडी जागेवर नव्हती. तिला इतकी भीती वाटली की हातातली डिश आयनेझनं कधी घेतली, हेही तिला कळलं नाही. केक-जेली घेऊन तिघीजणी तिच्या जवळ सरकल्या. त्यांना कळून चुकलं होतं.

चौथी धापा टाकत फाटकातून आली. तिनं यातलं काहीच ऐकलं नव्हतं.

"अगं आर्डिस, आयनेझ तर धडधाकट दिसतेय! मग हे सगळं न्यायचं कुणाकडे?"

"माझ्याकडे," आर्डिस म्हणाली. "दार उघडंच आहे."