किसनमामांचा लाल गोळा

आमच्या पुंडलिकनगरात सकाळी सकाळी गडगडाट झाला, तर कुणी आभाळाकडं बघत नाही. शेजारचे किसनमामा गच्चीवर बॉलिंग खेळत असतात, क्रिकेटचं नव्हे, गोळ्यानं बाटल्या पाडायचं. निम्म्या भरलेल्या पाण्याच्या बाटल्या समोर मांडायच्या, लाल गोळा कपाळाला लावायचा आणि दोन्ही हातांनी, पाय फाकवून, बादली सरकवावी तसा ढकलायचा. खालचे भाडेकरू भांडायला आले की मामा म्हणणार, "बॉलिंगला वाईट दिवस आलेत हो, तुम्ही तरी समजून घ्या!"

एके काळी मात्र बॉलिंगची काय चलती होती! मॉलमध्ये ते सुरू झालं तेव्हा मामांची लेक मुक्ता कॉलेजात होती. चितेगावच्या कंपनीत फिटर असलेल्या बापाला तीच ओढून घेऊन गेली. रविवारी तर नंबर लागायचा नाही. पुढं लोकांचा नाद ओसरला, आणि मुक्ता लग्न होऊन बंगळुरूला गेली त्याच वर्षी तिथं कुलूप लागलं. सामान भंगारात निघालं, तेव्हा मामांनी तिचा आवडता गोळा तेवढा उचलून आणला.

मामांचा दुसरा नाद म्हणजे विमानाची सुरक्षा. विमानात कधी पाय ठेवला नव्हता, पण उपाय तयार.

"ते मशीन काढा. दारात आमच्या गावची एक म्हातारी बसवा. 'कोणाचा रं तू? मामाचं गाव कोणतं?' खोटा माणूस तिथंच उघडा! नायतर चढायच्या आधी सगळ्यांना पंगतीला बसवा. ज्याच्या मनात पाप, त्याच्या घशाखाली घास उतरत नाय."

मुक्ता बोलावून बोलावून थकली होती. पण मामांचं एकच, "लेकीच्या सासरी बिनकामाचं जाऊन बसायचं नसतं." शेवटी त्यांनी काम शोधलं. मुक्ताचा गोळा तिला नेऊन द्यायचा! गल्लीभर सांगून झालं, आणि गेल्या महिन्यात मी त्यांना चिकलठाण्याला विमानतळावर सोडलं.

थोड्या वेळानं बघतो तर मामा गोळा पोटाशी धरून बाहेर! आत तपासणीच्या जवानानं चांगलं सांगितलं होतं, हा हातात नेता येत नाही, सामानात टाका. मामा ऐकतात कशाला? त्यांनी त्याला म्हातारी सांगितली, पंगत सांगितली. तोवर सामान घेणं बंद झालं.

"चल घरी," मामा म्हणाले.

"अहो मामा, तिकीट आहे ना! गोळा मी सांभाळतो, तुम्ही जा."

"रिकाम्या हातानं? कशाला आलो म्हणून सांगू तिला?"

चेहरा एवढासा झाला होता. इतका वेळ मला हसू येत होतं, आता येईना. मी सरळ मुक्ताला फोन लावला, झालेलं सांगितलं आणि स्पीकर सुरू केला.

"बाबा, गोळे इथं ढिगानं आहेत हो. मला तुमची आठवण येतीय. एवढं काम पुरत नाही का?"

मामांनी गोळा माझ्या हातात कोंबला आणि गमछ्यानं डोळे पुसले.

"लई रडकी हाय पोरगी," म्हणाले आणि दाराकडं पळत सुटले.

दारातल्या जवानानं नुसतं तिकीट मागितलं, तर मामा पट्टा काढून, हात वर करून उभे.

"साहेब, काय तपासायचं ते लवकर तपासा. लेकीनं बोलावलंय."