आवाजाला अरे-तुरे

फुकट सल्ला देणारे जगात दोन प्रकारचे असतात: दिसणारे आणि न दिसणारे. वैद्यकशास्त्राने इलाज शोधला तो फक्त दुसऱ्या प्रकारावर. (पहिल्यांना चहा पाजावा लागतो.)

शिंपीकाम करणाऱ्या मास्तरांच्या कानात असाच एक न दिसणारा मुक्कामाला होता. कात्री उचलली की म्हणायचा, "वाकडं कापशील, गाढवा!" गोळ्यांनी बडबड कमी झाली, पण स्वारी काही हटेना. मास्तरांनी कापणंच सोडलं. उरली काज-बटणं. तीच करत बसायचे आणि मनातून फार कष्टी व्हायचे.

रुग्णालयाने मग नवी उपचारपद्धती अंमलात आणली. रुग्ण सांगेल तसा त्या आवाजाचा चेहरा पडद्यावर बनवायचा, शेजारच्या खोलीतून डॉक्टरीणबाईंनी यंत्रातून त्याच्या सुरात बोलायचं आणि रुग्णाने उलट उत्तर द्यायचं. नाक, मिशा, सगळं हुबेहूब जमलं. घोडं अडलं ते शिष्टाचारापाशी.

"अहो मास्तर, आपण बहुधा वाकडं कापाल," पडदा म्हणाला.

"असं नाही हो बाई," मास्तर कळवळले. "तो मला अरे-तुरे करतो. जरा तोंड सोडा की!"

"अरे मास्तर... तू गाढव आहेस, असं माझं नम्र निरीक्षण आहे."

शेवटी मास्तरांनीच शिकवणी घेतली. (रुग्णाने डॉक्टरांना शिव्या शिकवण्याची नियमांत तरतूद नसल्याने हा प्रकार 'व्यायाम' या सदरात दाखवण्यात आला.) हळूहळू बाईंना सूर सापडला.

"ए गाढवा! तुझ्या बापाने तरी कधी सरळ कापलं होतं का रे?"

बाहेरून वॉर्डबॉयने "आलो, बाई!" म्हणून ओ दिली.

मास्तर ताडकन उठले. "बाप काढायचा नाही! अख्ख्या गल्लीच्या अंगावर त्यांच्या हातचे कपडे होते. आणि मीही सरळच कापतो. तोंड आवर!"

बाई धावत आल्या. "लागलं का हो मास्तर?"

"छे! आज झकास जमलं तुम्हाला."

तेव्हापासून कानातली स्वारी नरमली. अधूनमधून येते, पण "मास्तर, जरा बघून कापा," एवढंच म्हणते. ते रास्तही असतं.

मास्तरांनी टेबल झाडलं, कात्रीला धार लावली, दुकान उघडलं. लोक दारावरून "बरे झालात, फार आनंद वाटला," म्हणतात आणि कापड काखेत मारून पुढच्या दुकानात जातात.

तुमच्याही कपाटात एखादं कापड पडून असेलच. टाका की मास्तरांकडे... काय? आतून कुणी म्हणालं, 'कशाला उगाच विषाची परीक्षा?' घाबरू नका, यावर इलाज आहे. बाईंकडे खुर्ची रिकामी आहे. पडद्यावर चेहरा कुणाचा काढायचा तेवढं सांगा; आरशात बघून सांगितलंत तरी चालेल.