अजून रीडिंग हलतंय

आमच्या शेजारच्या भानुदासआण्णांना कुठलीही गोष्ट कशी आहे ते विचारू नये. ते सांगत नाहीत. संक्रांतीला मी तिळाची वडी दिली, तर त्यांनी ती तोंडात टाकली, डोळे मिटले आणि म्हणाले, "थांब कमल, अजून म्युटारोटेशन चालू हाय." निकाल होळीला लागला. वडी बरी होती म्हणे. तोवर मी कुठली वडी तेच विसरले होते.

देवळाली प्रवरेत माझी पिठाची गिरणी आहे. रसायनशास्त्राशी माझा संबंध खायच्या सोड्यापुरता. पण हा शब्द मला पाठ आहे, कारण आण्णांचा जन्म साखर कारखान्याच्या लॅबमध्ये गेला आणि रिटायर झाल्यापासून ते माझ्या गिरणीतल्या बाकड्यावर असतात. पट्ट्याच्या खडखडाटावर आवाज चढवून त्यांनी तो मला शिकवलाय. ग्लुकोज पाण्यात विरघळवायचं आणि एका यंत्रातून त्यात उजेड सोडायचा. ते पाणी उजेडाला पीळ देतं. किती पीळ दिला, तो आकडा वाचायचा. पण ताज्या पाण्याचा आकडा एका जागी थांबेल तर शपथ! ग्लुकोजची दोन रूपं असतात आणि पाण्यात ती एकमेकांत बदलत राहतात. एकापासून सुरुवात केली तर आकडा वरून खाली येतो, दुसऱ्यापासून केली तर खालून वर, आणि शेवटी दोन्ही एकाच ठिकाणी येऊन बसतात. या सरकण्याला म्हणायचं म्युटारोटेशन.

"म्हनून पहिलं रीडिंग लिहायचं न्हाई," आण्णा बोट नाचवून बजावतात. "लिहिलं की फसला."

साखरेचंही असंच का, म्हणून मी एकदा विचारलं, तर बिचारे खट्टू झाले. साखर असलं काही करत नाही म्हणे. आता बघा, पगार दिला साखरेने आणि जीव जडला ग्लुकोजवर!

बरं, हे यंत्रापुरतं राहिलं असतं तर माझं काय जात होतं? नवा नगराध्यक्ष कसा वाटतो? रीडिंग हलतंय. नवी चप्पल चावते का? रीडिंग हलतंय. ती चप्पल शेवटी कुत्र्याने पळवली, निकाल राहिलाच. त्यांची बायको सुमनवहिनी होत्या, तेव्हा ताट वाढून समोर उभ्या राहायच्या आणि विचारायच्या, भाजी कशी झालीय? हे म्हणायचे, "बघू." वहिनी हसून आत जायच्या. मी असते तर ताट उचलून नेलं असतं.

वहिनी गेल्या, आणि घरात आण्णा एकटे राहिले. मुलगी विद्या शेवगावला सरकारी दवाखान्यात नर्स आहे. तिने तिथलाच एक जनावरांचा डॉक्टर पसंत केला. पोरगा चार वेळा येऊन आण्णांना भेटून गेला, एकदा तर गळका नळ नीट करून गेला. आण्णांचं आपलं तेच, रीडिंग बसू दे. मुलाकडच्यांनी निरोप धाडला, दसऱ्यापर्यंत काय ते कळवा, नाहीतर आम्ही दुसरीकडे बघतो. दसरा उद्यावर आला तरी आण्णा गप्पच. विद्याचा मला फोन आला, रडत होती. "काकू, बाबांना तो आवडलेला नाही. नसेल तर मी नाही करणार हे लग्न. पण एकदा बोला म्हणावं."

माझं डोकंच फिरलं. गिरणी बंद केली आणि पिठाच्या हातांनीच त्यांच्या घरी गेले. आण्णा चहा टाकत होते. लॅबमध्ये घाई असली की काय करायचात, असं मी त्यांना दारातूनच विचारलं.

"अमोनियाचा थेंब टाकायचा. रीडिंग लवकर बसतं."

"मग आज मी अमोनिया. बोला."

मला वाटलं हसतील. त्यांनी गॅस बंद केला.

"पोराचं रीडिंग पहिल्याच दिवशी बसलं, कमल. आत येताना त्यानं दारातल्या माझ्या चपलाबी सरळ करून ठिवल्या."

मग एवढे दिवस तोंडात गुळणी धरून का बसलात, असं मी चांगलंच फाडफाड विचारलं. ते पातेल्याकडेच बघत राहिले.

"सुमनचंबी पहिल्याच दिवशी बसलं हुतं. ती रोज इचारायची, मी म्हनायचो बघू. वाटायचं, सांगायला लई येळ हाय. आता त्वांडच उघडत न्हाई."

मी पिठाचे हात पदराला पुसले. विद्याचा नंबर लावला आणि फोन त्यांच्या कानाला धरला. आण्णांनी घसा खाकरला, पुन्हा खाकरला.

"विद्या, पोरगा चांगला हाय. मला आवडला."

तिकडून रडणं ऐकू आलं. आण्णा गांगरले. फोन परत देतील म्हणून मी हात पुढे केला, पण त्यांनी तो घट्ट धरला होता.

"आन् तुझ्या आईची भाजी," ते म्हणाले, "लई चांगली व्हायची. रोजच."