अंजनाकाकूंचा नेम

फौजेत कृष्णातने चोवीस वर्षे लंगरात चपात्या भाजल्या. बंदूक हाती यायची ती वर्षातून एकदा. आता पलूसच्या घरी संध्याकाळी तो कॉम्प्युटरवर लढाऊ विमान उडवायचा आणि सगळ्या गोळ्या आभाळाला मारायचा.

खेळात त्याचे दोन जोडीदार होते, मिरजेचा गॅरेजवाला तौसीफ आणि वाईचा मास्तर जयराज. त्यांना त्याने कधी पाहिले नव्हते. कानात नुसता आवाज यायचा. बायको अंजना जाऊन दोन वर्षे झाली होती. घरात दुसरा आवाज तेवढाच.

एकदा शत्रूचे विमान समोरून आडवे निघाले. कृष्णातने सवयीने भिंतीवरच्या फोटोकडे बघितले.

"अंजना, ह्याला कसं गाठू गं?"

अंजना शाळूच्या रानात माळ्यावर उभी राहून गोफणीने पाखरे हाकायची. पाखरू आहे तिथे नव्हे, जाणार आहे तिथे दगड टाकायची.

"पुढं मारू म्हणतीस? बरं."

त्याने विमानाच्या नाकापुढे दोन विमानांची जागा सोडून बटण दाबले. विमान आपणहून गोळ्यांत शिरले आणि पिसासारखे तरंगत खाली गेले.

"काका, कुणाला इचारलं?" कानात तौसीफ.

"मालकिणीला," कृष्णातच्या तोंडून गेले.

झाले. रोज प्रश्न येऊ लागले. "काकूंना विचारा, ढगातनं निघालेला कसा धरायचा?" कृष्णात फोटोपुढे जाऊन उभा राही आणि उत्तर घेऊन येई. "जवळ येऊस्तवर थांब म्हणतीया. उगं लांबनं दगडं वाया घालू नगं." तिघांचाही नेम सुधारला.

"काकूंना माईकवर द्या की."

"दळणाला गेलीया."

तीन आठवड्यांत अंजनाने गावजेवणाला पुरेल एवढे दळण आणले.

मग एका रविवारी तौसीफचा फोन आला. "काका, आमी दोघं पलूसच्या स्टँडवर हाय. काकूंना भेटाय आलोय."

खरे कळले की ही पोरे गप्प होतील, हळहळतील आणि खेळायची थांबतील, या धास्तीने कृष्णातने फोटो पिठाच्या डब्यामागे लपवला. त्यावरचा हार खिशात कोंबला. तिचे एक पातळ दोरीवर टाकले, कोरडेच. चहाचे चार कप मांडले.

"काकू?" जयराजने बसता बसता विचारले.

"दळणाला."

तौसीफ दोरीवरच्या पातळाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "काका, तुमचा माईक कवाच बंद नसतोय. कालचा हार सुकला, आज शेवंती आणलीया, असं रोज बोलता तुमी. आमाला पयल्या आठवड्यातच कळलं."

कृष्णातच्या खिशातून शेवंतीची एक पाकळी पडली.

"मग रोज इचारत का हुता रं?"

"उत्तरं बरोबर येत हुती की," जयराज म्हणाला.

कृष्णातने फोटो काढला, त्यावरचे पीठ धोतराने पुसले आणि जागेवर टांगला. मग फडताळातली तिची गोफण काढून दोघांना घरामागच्या परड्यात नेले. तिघे उन्हे उतरेपर्यंत वाऱ्यावर उडणाऱ्या पानांच्या पुढे दगड टाकत राहिले.

निघताना तौसीफ म्हणाला, "काका, माईक बंद करायचं बटण दावू का?"

कृष्णातने दारातून फोटोकडे बघितले.

"नगं. तुमी ऐकताय तर ऐका. तिचंबी तुमच्याकडं ध्यान असतंय."