दस्ता आणि दोन जावई

बंदुकीच्या लाकडी दस्त्याच्या डाव्या अंगाला, नेम धरताना जिथे गाल टेकतो, तिथलं पॉलिश तळहाताएवढं उडालं होतं आणि त्याखाली नखाएवढा एक पोचा होता. बाकी लाकूड शाबूत होतं. म्हणजे काम तसं थोडंच. पण मोठ्या जावयाला थोडं काम नकोच होतं. धाकट्या जावयाचा चेहरा उतरेल असं काम हवं होतं!

कारण सासऱ्यांची दुनळी बंदूक कोणाकडे जाणार, हे वर्षानुवर्षं ठरत नव्हतं. विषय निघाला की सासरे मिशीला पीळ देत "बघू" म्हणायचे, आणि धाकट्याने दुरुस्त केलेल्या भिंतीवरच्या घड्याळाकडे कौतुकाने पाहायचे. ते घड्याळ ठोके देऊ लागलं की मोठ्याच्या पोटात दुखायचं. शेवटी त्याने छातीठोकपणे सांगितलं, "दस्ता माझ्याकडे द्या. आरसा करून आणतो!" सासऱ्यांनी नळ्या कपाटात कुलूप लावून ठेवल्या आणि नुसता दस्ता काढून दिला.

"पोचा घासू नका हं," बायको म्हणाली. "ओलं फडकं ठेवून वरून गरम इस्त्री टेकवा. वाफेने लाकूड फुगून वर येईल."

"हे तुला त्या धाकट्याने सांगितलं ना?"

"कोणी कशाला सांगायला हवं? पावसाळ्यात आपलं दार फुगून अडकत नाही का?"

झालं! इस्त्री बाद. त्याने पॉलिशपेपर घेतला आणि घासत सुटला. पोचा गेला, पण त्याच्यासोबत इतकं लाकूड गेलं, की मागच्या टोकाची, खांद्याला टेकणारी लोखंडी पट्टी कडेने बाहेर डोकावू लागली, धाकट्या भावाचा शर्ट घातलेल्या माणसाच्या पोटासारखी!

मग जवसाचं तेल. डब्यावर लिहिलं होतं, पातळ हात द्या, पूर्ण वाळू द्या, मगच पुढचा हात. "पातळ हात धाकट्याने द्यावेत!" म्हणत याने अर्धा डबा ओतला. दस्ता झळाळला. पण वाळेना! उन्हात ठेवला, पंख्याखाली टांगला. बोट लावलं की बोटाबरोबर वर यायचा.

"अहो, आज नका नेऊ. चिकट आहे अजून."

"धाकटा आज तिथे जेवायला आहे! आजच न्यायचा!"

"वा दादा, आरसाच की!" सासरी दस्ता पाहताच धाकटा म्हणाला, आणि त्याचा चेहरा खरोखर उतरला. मोठ्याच्या जिवाचं सार्थक झालं. "फक्त लांबून बघा हं," तो म्हणतोय तोवर सासऱ्यांनी दस्ता गालाशी लावून घड्याळावर नेम धरला.

बराच वेळ धरला.

"बाबा, झाला का नेम धरून?" बायकोने विचारलं.

"नेम कधीच झाला! मिशी सुटत नाहीये!"

दोन्ही जावई धावले. एकाने दस्ता धरला, दुसऱ्याने सासरे.

"दादा, तुम्ही सोडा, मी काढतो!"

"तू सोड! दस्ता माझा आहे!"

"मिशी माझी आहे रे!" सासरे कळवळले.

शेवटी बायकोने वाटीत कोमट गोडेतेल आणलं, दोघांना बाजूला सारलं आणि बोटांनी हळूहळू केस सोडवले. सुटले तेवढे. उरलेले कात्रीने कापावे लागले, आणि अर्धी मिशी दस्त्यावर झळाळत राहिली.

सासऱ्यांनी आरशात पाहिलं. पीळ द्यायला हात वर नेला, तर त्या बाजूला मिशीच नव्हती. "बघू" म्हणायची सोयच संपली!

"ठरलं," ते म्हणाले. "बंदूक मोठीला."

मोठ्याने धाकट्याकडे विजयी नजर टाकली. "म्हणजे आमच्याकडेच!"

"तुमच्याकडे नव्हे, जावईबापू. माझ्या मुलीकडे. आणि बंदुकीच्या कपाटाची किल्ली कुठे ठेवलीय, ते तिने तुम्हाला सांगायचं नाही!"